दुपारच्या आठ वायरी

आमची इंजिनीअर बाई म्हणायची, मोडेम गातो. मला ते कधी गाणं वाटलं नाही. दोन अनोळखी माणसं घाईघाईत ओळख काढतात ना, तसं वाटायचं. तू कुठला, मी इथला, तुला किती भरभर बोललेलं झेपतं, मला एवढंच झेपतं, बरं मग एवढ्यावर ठरवू. ठरलं की दोघं गप्प होऊन कामाला लागायचे. आता तो आवाज कुठेच येत नाही. परवा नातवाला तोंडाने करून दाखवला, तर तो म्हणाला, "आजोबा, ठसका लागला का? पाणी आणू?"

टेलिफोन खात्यात तीस वर्षं मी लाईनमन होतो. खांबावर चढायचं, तार ओढायची, सांधा करायचा, पावसात तुटली की पुन्हा चढायचं. निवृत्त झालो तेव्हा गुडघे गेले होते, हात शाबूत होते. त्याच सुमाराला माझ्या बहिणीच्या मुलाने इंटरनेटची कंपनी काढली. कंपनी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भाचा म्हणाला, "मामा, घरी बसून मामीच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा माझ्याकडे या." हे त्याला मामीनेच सांगायला लावलं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

बाहेरच्या खोलीत भाच्याचं टेबल. आतल्या खोलीत लोखंडी मांडणीवर बत्तीस मोडेम ओळीने. ग्राहकाने घरून आमचा नंबर फिरवला की त्याचा फोन ओळीतल्या पहिल्या रिकाम्या मोडेमवर यायचा, ओळख काढून व्हायची आणि त्या मोडेमचे लाल दिवे लुकलुकायला लागायचे. मोडेम तापू नयेत म्हणून त्या खोलीत एसी होता, अख्ख्या इमारतीत एकच. त्यामुळे दुपारचा डबा मी तिथेच खायचो, मांडणीसमोर स्टूल ओढून. माझं काम म्हणजे ग्राहकांच्या घरी जाऊन जोडणी करून द्यायची आणि मांडणीतली धूळ पुसायची. इंजिनीअर बाई वयाने माझ्या मुलीएवढी. तीच सगळं चालवायची. भाचा फोन घ्यायचा आणि वैतागायचा.

वैतागायला कारण होतं. ग्राहक वाढले. बाहेरच्या जगाकडे जाणारी आमची वाट एकच, तीही अरुंद. संध्याकाळी बत्तीसच्या बत्तीस दिवे लागले की सगळ्यांचंच रांगायला लागायचं. एक डॉक्टर तर फोनवर भाच्याला म्हणाले, "तुमच्यापेक्षा पोस्टमन बरा, तो निदान येताना दिसतो."

भाच्याने इंजिनीअर बाईला कोण किती ओढतं ते काढायला सांगितलं. अकरा जण निघाले. ते अकरा मिळून निम्मी वाट अडवून बसत.

"गाणी उतरवून घेतात," भाचा म्हणाला. "नाहीतर सिनेमे. दुसरं काय करणार?"

"मला काय माहीत? मला फक्त आकडे दिसतात," बाई म्हणाली.

"आकडेच सांगतायत की."

यादीत नावं नव्हती, ग्राहकांच्या खात्यांचे नंबर होते. मी ती यादी पाहिली आणि ठेवून दिली.

कोपऱ्यात एका खोक्यात आठ जुने मोडेम पडले होते. सुरुवातीचे, चौदा हजारांच्या वेगाचे. मांडणीवरचे छप्पन्न हजारांचे, म्हणजे कागदावर छप्पन्न. लाईन चांगली असली तर पंचेचाळीसपर्यंत जायचे. चौदावाला त्यांच्यापुढे खुरडत चालायचा. भाच्याच्या डोक्यात आलं की हे आठ जण पुन्हा कामाला लावायचे. त्यांना वेगळा टेलिफोन नंबर घ्यायचा, त्याच्या आठ लाईनी यांना जोडायच्या आणि त्या अकरा जणांना कळवायचं, तुमच्यासाठी खास नंबर आहे, गर्दी नाही, यापुढे यावरच फोन लावा. फोन लागेल, पण चौदाच्या वर जाणार नाही. ओढणार किती ओढतील?

बाईने भिंतीला एक फळी मारून घेतली आणि त्यावर ते आठ मांडले. "झाला आपला वृद्धाश्रम," ती म्हणाली, मग माझ्याकडे पाहून जीभ चावली. "मामा, तुम्हाला नाही म्हटलं."

"मी कुठे काय म्हटलं," मी म्हणालो.

"आणि कुणी विचारलं, वेग कमी का झाला, तर?" तिने भाच्याला विचारलं.

"लाईन खराब आहे म्हणायचं. खात्याची. मामा सांगतील. तीस वर्षं लाईनी टाकलेल्या माणसाचा शब्द कोण खाली पाडणार?"

 खात्याला शिव्या खायची सवय होती, त्यात आणखी दोन-चार, असं मनाला सांगितलं. पहिल्या आठवड्यात सहा जणांचे फोन आले. कुणाला सांगितलं सांध्यात ओल शिरली आहे, कुणाला सांगितलं तार गंजली आहे. एका गृहस्थांना तर मी खांबावर मुंगळ्यांचं वारूळ झालंय म्हणून सांगितलं. त्यांनाही ते पटलं. बोलायला लागलं की माणूस वाहवत जातो.

सातवी व्यक्ती फोन करू शकत नव्हती, म्हणून जिना चढून आली.

टेलरबाई जन्मापासून बहिऱ्या. बोलत नसत. वय चाळिशीच्या आसपास. दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्याच्या एका खोलीत राहायच्या. खोली लहान, पण दक्षिणेला ही एवढी मोठी खिडकी. त्या खिडकीत शिवणयंत्र टाकून त्या शाळांचे गणवेश आणि दवाखान्याचे डगले शिवायच्या. गळ्यात मोजायची टेप आणि कमरेला दोऱ्याने बांधलेली वही, वहीला पेन्सिल. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे वहीत लिहायचं.

लिहिणं हे माझं अवघड जागेचं दुखणं. अक्षरं मी बेचाळिसाव्या वर्षी शिकलो. खात्यात दुरुस्तीची चिठ्ठी भरावी लागायची. माझी चिठ्ठी दुसराच एक जण भरायचा आणि माझ्या कामापुढे स्वतःचं नाव घालायचा. ते कळल्यावर आमच्या हिने मला पाटीवर बसवलं. आलं लिहायला, पण सावकाश. लिहिताना जीभ दातांतून बाहेर येते. बहुतेक माणसं दोन शब्दांनंतर माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतात, "राहू द्या मामा, कळलं." टेलरबाई घेत नसत. हात मांडीवर ठेवून शेवटच्या अक्षरापर्यंत थांबायच्या.

वर्षापूर्वी त्यांची जोडणी मीच करून दिली होती. मूकबधिरांच्या शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापिकेने त्यांना आणि त्यांच्या बहिणीला एकेक जुना संगणक मिळवून दिला होता, वर कोंबडीच्या अंड्याएवढा कॅमेरा. बहीण धाकटी. तीही तशीच. थोरलीला शाळेत घातलं, धाकटीला घरात कामाला हवी म्हणून घातलं नाही, त्यामुळे तिला अक्षर येत नव्हतं. शाळेत शिकवतात ती खुणांची भाषाही येत नव्हती. लहानपणी दोघींनी मिळून हातांची एक भाषा केली होती, तेवढीच तिला यायची. ती जगात दोघींनाच कळायची. धाकटीला बसने बारा तास लांब दिलेली. नवरा बरा माणूस, पण त्याला वीस-पंचवीस खुणा यायच्या, जेवण, पाणी, ये, जा, दुखतंय अशा. बाकीचं सगळं ती थोरलीसाठी राखून ठेवायची.

रोज दुपारी दोनला धाकटीचा नवरा तिला यंत्र लावून द्यायचा आणि कामावर जायचा. पडद्यावर काडेपेटीएवढी चौकट उघडायची. चौकटीत धाकटी. चित्र धड सरळ चालायचं नाही, सेकंदाला तीन-चार उड्या मारत चालायचं, पण हात कुठून निघाला आणि कुठे गेला ते कळायचं. जोडणीच्या दिवशी मी पाहिलं होतं. दोघी तासभर बोलल्या. मधेच दोघी हसायला लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत. मी उगाच वायरी आवरत बसलो.

तर टेलरबाई जिना चढून आल्या आणि वही माझ्यापुढे धरली. लिहून आणलेलंच होतं.

"पूर्वी पेटीवर हात ठेवला की बराच वेळ थरथर लागायची. मधे दोन धक्के. आता थरथर लवकर संपते. धक्के नाहीत. पेटी बिघडली का?"

फोन लागला की नाही ते त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून त्या मोडेमवर पंजा ठेवून बसायच्या, हे मला तेव्हा कळलं. ते दोन धक्के मला माहीत होते. छप्पन्नवाले दोघे ओळख काढताना मधे तसा दोनदा आवाज करतात, टणत्कार केल्यासारखा. चौदावाले करत नाहीत. ज्यांना कान होते त्या दहा जणांपैकी एकालाही तो फरक कळला नव्हता.

मी भाच्याकडे पाहिलं. तो चष्म्यावरून माझ्याकडेच पाहत होता. त्याने वहीकडे हनुवटी केली.

मी लिहिलं, "लाईन जुनी."

त्यांनी वाचलं, मान हलवली आणि लिहिलं, "धाकटीचा हात इथे दिसतो. मग तिथे दिसतो. मधलं दिसत नाही. दुरुस्त होईल?"

"खात्याच्या हातात आहे म्हणून लिहा," भाचा म्हणाला.

तेही मी लिहिलं. त्या नमस्कार करून गेल्या. त्यांच्या घरची लाईन मी स्वतः टाकलेली होती. कोपऱ्यावरच्या खांबावरून, वीस वर्षांपूर्वी. त्या सांध्यावर मी मेणकापड गुंडाळलं होतं, ते अजून तसंच होतं. येता-जाता मला दिसायचं.

घरी गेल्यावर हिला सांगितलं. ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "‘जुनी’मधली नी दीर्घ काढलीत का?"

"काढली."

"आणि लाईनमधला ई?"

"तोही काढला."

"मग बरोबर आहे." एक खडा काढून तिने अंगणात टाकला. "दोन्ही शब्द नीट लिहिलेत. शुद्ध आहेत, एवढंच."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. जेवलो. पण ही दुसऱ्यांदा वाढायला आली नाही.

आठ-दहा दिवसांनी टेलरबाई पुन्हा आल्या. या वेळी चेहरा खुललेला. वहीत लिहून आणलेलं, "जागा मिळाली. टेलिफोन ऑफिसच्या मागे. तुम्ही म्हणाला होता, ऑफिसजवळ लाईन चांगली असते. एक तारखेला जाते. येऊन बघाल का?"

जोडणीच्या वेळी मी तसं लिहिलं होतं खरं, शिकल्यासवरल्यासारखं.

मी गेलो. ती जागा मला ठाऊक होती. पूर्वी खात्याची तारांची रिळं तिथे पडलेली असायची. एक खोली, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारची भिंत. अकरा वाजता दिवसाढवळ्या ट्यूबलाईट लावलेली. टेलरबाई टेप घेऊन मापं घेत होत्या, यंत्र कुठे बसेल, कापायचं टेबल कुठे. मी खिडकीकडे बोट केलं. त्यांनी खांदे उडवले आणि लिहिलं, "दिवा लावीन."

दिव्याच्या उजेडात तो कॅमेरा कसा दाखवतो ते मी घरोघरी पाहिलं होतं. तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं आणि हात काळे. आणि गणवेशाच्या गडद निळ्या कापडावर गडद निळा दोरा ट्यूबखाली ओवून बघा म्हणजे कळेल. त्यांच्या जुन्या खोलीत दुपारी दोनला ऊन थेट हातांवर यायचं, म्हणून तर धाकटीशी बोलायची वेळ दोनची ठरलेली होती. ती खिडकी त्या सोडून द्यायला निघाल्या होत्या, माझ्या दोन शब्दांवर. एक तारीख सहा दिवसांवर होती. जुन्या घरमालकाला त्यांनी अजून कळवलं नव्हतं, संध्याकाळी कळवणार होत्या.

मी हात पुढे केला. त्यांनी वही दिली. ट्यूबखाली जाऊन भिंतीला वही टेकवली आणि लिहायला लागलो.

"तुमची लाईन चांगली आहे. मीच टाकली आहे. वेग आम्ही कमी केला. मी खोटं लिहिलं."

किती वेळ लागला कुणास ठाऊक. त्या मागे उभ्या होत्या, पण खांद्यावरून डोकावल्या नाहीत. मी वही दिली. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग गळ्यातली टेप काढून बोटांभोवती गुंडाळायला लागल्या, सावकाश, शेवटच्या आकड्यापर्यंत. मला वाटलं आता वही बंद होईल. तशी ती बंद झाली असती तर मला काही म्हणायला तोंड नव्हतं.

त्यांनी लिहिलं, "का?"

मी लिहिलं, "गर्दी होते." ते नुसतंच वाटलं म्हणून पुढे लिहायला लागलो, "संध्या". ध्या काढायला मला वेळ लागतो. त्यातच अडकलो होतो आणि तेवढ्यात हात थांबला. संध्याकाळी गर्दी होते. टेलरबाई तर दुपारी असतात.

तोंडाने सांगितलं असतं तर तो शब्द कधीच निघून गेला असता. रोज दुपारी मी डबा घेऊन मांडणीसमोर बसत होतो, दोन वर्षं. समोर बत्तीस मोडेम, आणि त्यात दिवे लागलेले पाच. फार तर सहा. वाट मोकळी पडलेली असायची. त्या वेळी कुणाला अडवायचं कारणच नव्हतं. पण दुपारी भाचा घरी जेवायला जायचा, बाई डुलकी काढायची, आणि मी जेवत असताना माझं लक्ष डब्यात. ऑफिसात घड्याळ होतं, पण वेग कमी करताना कुणी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

मी अर्धा शब्द तसाच सोडला आणि खाली लिहिलं, "घरमालकाला आज सांगू नका. उद्या येतो."

 त्यांनी एक बोट वर केलं. एक दिवस.

भाच्याला मी सरळ सांगितलं. तो टाइप करता करता थांबला.

"तुम्ही ग्राहकाला लिहून दिलंत? लिहून?"

"हो."

"बोलून तरी सांगायचं मामा, नंतर नाही म्हणता आलं असतं."

"त्यांना ऐकू येत नाही."

भाचा कपाळाला हात लावून बसला. आतल्या खोलीत बाईचं हसणं ऐकू आलं, मग तिने खोकल्यासारखं केलं.

"ते अकरा जण गाणी उतरवतात म्हणालास," मी म्हणालो. "त्यातली एक जण बहिरी आहे. ती कुठली गाणी उतरवते?"

 मी त्याला धाकटीचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचीही अडचण खोटी नव्हती. म्हणाला, "एकीला सोडलं तर बाकीचे दहा उद्या दारात. आणि संध्याकाळी डॉक्टरांच्या शिव्या कोण खाणार, तुम्ही?"

"संध्याकाळचं नाही म्हणत. दुपारचं म्हणतो. बारा ते पाच. तेव्हा पाच दिवे लागलेले असतात."

"पाच?" त्याने आत आवाज दिला, "काय हो, दुपारी किती असतात?"

बाई दारात आली. "खरं आहे. सहाच्या वर मी पाहिलेले नाहीत." मग जरा ओशाळून म्हणाली, "जागी असले तर."

"मग दुपारी आपोआप सुटेल असं काही करता येतं?"

"या खोक्यांत नाही येत. हाताने करावं लागेल. मांडणीवरचे शेवटचे आठ दुपारी रिकामेच असतात, तिथपर्यंत फोन पोचतच नाही. वृद्धाश्रमाच्या आठ वायरी काढायच्या, त्या आठात घालायच्या. पाचला परत."

"रोज कोण करणार?"

"मी," मी म्हणालो.

"रोज?"

"रोज."

"सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीच्या दिवशी पण."

"आजारी पडलात तर?"

"तुझी मामी करेल."

भाचा हसला नाही, पण खुर्ची मागे ढकलून म्हणाला, "आणि ते लाईन जुनी वगैरे?"

"खरं काय ते पाटीवर लिहून तू दारावर लाव. जास्त वापर असलेल्यांचा वेग संध्याकाळी कमी राहील, दुपारी पूर्ण मिळेल. कुणी विचारलं तर तेच सांगेन. मुंगळे पुन्हा नाही सांगणार."

"कसले मुंगळे?"

"जाऊ दे."

पाटी लागली. अकरातले दोन जण दुसऱ्या कंपनीकडे गेले. एक गृहस्थ भांडायला आले आणि दुपारचं ऐकून गुपचूप परत गेले. मुंगळ्यांवाले मात्र रस्त्यात भेटले की अजूनही विचारतात, वारूळ काढलं का.

भाच्याशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाराला मी आठ वायरी बदलल्या. बाईने एकेकीला चिंधी बांधून दिली होती, आठ रंगांच्या चिंध्या, म्हणजे मी चुकणार नाही. दोनच्या आधी टेलरबाईंकडे पोचलो. ऊन आलेलं होतं. त्या मोडेमवर पंजा ठेवून बसल्या, नंबर लावला. मला ऐकू येत होतं, पण मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. थरथर सुरू झाली. मधेच त्यांनी दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली. दोन धक्के.

चौकट उघडली. धाकटी आली. पहिल्यांदा तिने हात इतके भरभर हलवले की चित्राला झेपेनात. थोरलीने हातानेच सावकाश असं सांगितलं. मग दोघी बोलत राहिल्या. पंधरा दिवसांचं साचलेलं होतं. मधे टेलरबाईंनी मला खुर्चीसकट कॅमेऱ्यासमोर ओढलं आणि धाकटीला काहीतरी सांगितलं. धाकटीने माझ्याकडे पाहिलं, जिभेचं टोक दातांतून बाहेर काढलं आणि डाव्या तळव्यावर उजव्या बोटाने हळूहळू रेघोट्या ओढल्या. दोघींचे खांदे हलायला लागले.

मी वही मागितली. "हे काय?"

टेलरबाईंनी लिहिलं, "तुमचं नाव."

तीस वर्षं लोकांनी मला लाईनमन म्हटलं, पुढे मामा. हे नाव वर्षभर चालू होतं आणि मला पत्ता नव्हता. त्यांनी मला माफ केलं की नाही ते मी कधी विचारलं नाही. जागा बदलली नाही, एवढं खरं. आणि पुढे बरेच दिवस, मी काही लिहून दिलं की त्या दुसऱ्यांदा वाचायच्या, माझ्याकडे बघून मगच मान हलवायच्या. ते माझं मला मिळालेलं होतं.

तीन वर्षं मी बाराला आणि पाचला वायरी बदलल्या. बारा वाजले की हात आपोआप तिकडे जायचे. एकदा मला ताप आला तेव्हा खरंच ही गेली. चिंध्या बघून तिने बरोबर लावल्या, फक्त परत येताना पाचचं विसरली आणि त्या संध्याकाळी अकरा, नव्हे नऊ, जणांनी काय हवं ते ओढलं. डॉक्टरांचा फोन आला. भाचा म्हणाला, "मामा, मामीला नोकरीवर घेऊ नका."

मग दुसरं इंटरनेट आलं, फोन न लावता चालणारं. ग्राहक एकेक करून गेले. संध्याकाळीही पाच-सहाच दिवे लागायला लागले, तेव्हा वायरी दुपारच्याच जागेवर कायमच्या राहिल्या. शेवटच्या दिवशी मी त्या आठ काढल्या, चिंध्या सोडल्या आणि खिशात घातल्या. मोडेम भंगारवाल्याने वजनावर नेले. भाचा आता दुसराच धंदा करतो. बाई परदेशात असते, अधूनमधून खुशाली कळवते, वृद्धाश्रम कसा आहे म्हणून मला विचारते.

गेल्या महिन्यात टेलरबाई घरी आल्या होत्या. केस पांढरे, चष्मा जाड, वही मात्र तशीच कमरेला. दुपारची वेळ होती. त्यांनी मोबाईल काढला, बोटाने काहीतरी दाबलं आणि माझ्यासमोर धरला. पूर्ण पडदाभर धाकटी. तीही आता म्हातारी झालेली. मागे तिची सून भिंतीला टेकून उभी होती. चित्र उडी मारत नव्हतं. एकेक बोट वेगळं दिसत होतं, बोटातली अंगठी दिसत होती, नखाला लागलेलं पीठ दिसत होतं.

तिने मला ओळखलं. जिभेचं टोक बाहेर काढलं, डावा तळवा वर केला आणि त्यावर बोटाने हळूहळू रेघोट्या ओढायला लागली. इतकी हळू, की तळव्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला माझ्या एका शब्दाएवढा वेळ लागला.

मधलं सगळं दिसलं.